गेजचा प्रश्न नंतर, आधी साल ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे लिमरिकला नोकरीला आहेत. आयरिश रेल्वेचे छोटे मॉडेल मांडायला भाड्याच्या घरात एका भिंतीलगत आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद जागा मिळाली आहे. दोन इंजिने घेऊन झाली आहेत. एक १४१ क्लासचे, काळे-तपकिरी, मधे पांढरा पट्टा असलेले. दुसरे २०१ क्लासचे. प्रश्न दोन: आयर्लंडचा गेज (दोन रुळांमधले अंतर) पाच फूट तीन इंच असताना बाजारातले १६.५ मिलिमीटरचे रूळ वापरले तर ते खोटे दिसेल का, की सुरुवातीपासून २१ मिलिमीटरचे रूळ स्वतः बनवावेत? आणि एवढ्या जागेत नक्की काय बसेल?

मी गेली बावीस वर्षे आयरिश रेल्वेचीच मॉडेल्स करतो आहे, त्यातली पहिली तीन वर्षे चुका करण्यात गेली. म्हणून जरा लांबण लावतो आहे.

गेजचा हिशेब आधी मांडू. ००मध्ये, म्हणजे मॉडेलच्या या ब्रिटिश मापात, एका फुटाला ४ मिलिमीटर. म्हणजे १६.५ मिलिमीटर रूळ हे प्रत्यक्षातल्या चार फूट दीड इंचाचे झाले. ब्रिटिश गाड्यांना चार फूट साडेआठ इंच लागतात, त्यांची फसवणूक सात इंचांची. आयरिश गाड्यांना पाच फूट तीन इंच लागतात, म्हणजे आपली फसवणूक साडेतेरा इंचांची, जवळजवळ दुप्पट. समोरून पाहिले तर १४१ पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी दिसते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

हा पाच फूट तीन इंचांचा आकडा आला कुठून तेही सांगण्यासारखे आहे. १८३४ साली डब्लिन ते किंग्सटाउन हा पहिला मार्ग सुरू झाला तो चार फूट साडेआठ इंचांवर. बेलफास्टकडच्या अल्स्टर रेल्वेने सहा फूट दोन इंच घेतले. डब्लिन-द्रोहेडावाल्यांना पाच फूट दोन इंच हवे होते. तिघांची तोंडे तीन दिशांना. शेवटी सरकारच्या वतीने मेजर जनरल पॅस्ली यांनी १८४३मध्ये सुवर्णमध्य काढून पाच फूट तीन इंच सुचवले आणि १८४६च्या कायद्याने तेच पक्के झाले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात, दक्षिण ऑस्ट्रेलियात आणि ब्राझीलमध्येही हा गेज गेला.

तर २१ मिलिमीटर करावे का? पहिल्याच लेआउटला करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या मापाचे तयार सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) दुकानात मिळत नाहीत. तांब्याचा मुलामा असलेल्या पट्ट्यांचे स्लीपर कापायचे, त्यावर गेज लावून रूळ सोल्डर करायचा, सांध्याची जीभ कानसीने घासून पातळ करायची. हे काम सुंदर आहे. मी करतो आणि मला ते मनापासून आवडते. पण एक सांधा नीट जमायला मला सुरुवातीला तीन आठवडे लागत. वर प्रत्येक गाडीचे आस बदलायचे. डिझेल इंजिनात ते जमते, कारण गिअर बोगीच्या मधोमध असतो आणि चाके बाहेर सरकवता येतात. वाफेच्या इंजिनात चाकांवरची झाकणे, दांडे, सिलिंडर सगळेच आड येते. सहा महिन्यांनी हातात दोन फूट रूळ आणि एक हलती गाडीसुद्धा नाही, अशा अवस्थेत मी लोकांना हा नाद सोडताना पाहिले आहे. आयरिश मॉडेल करणारे आधीच थोडे, त्यातला एकही गळू नये असे वाटते.

त्याऐवजी १६.५ घ्या आणि फसवणूक लपवा. पिको या मॉडेलचे रूळ बनवणाऱ्या कंपनीचा कोड ७५ बुलहेड रूळ घ्या. त्यात स्लीपरमधले अंतर ४ मिलिमीटरच्या प्रमाणाला धरून आहे. नेहमीच्या रुळात स्लीपर जवळजवळ असतात, त्यामुळे रूळ आणखी अरुंद भासतो. लेआउट कमरेच्या उंचीवर ठेवू नका, छातीच्या उंचीवर ठेवा, सव्वा मीटरच्या आसपास. नजर बाजूने गेली की गेज दिसतच नाही, दिसतो तो गाडीचा आकार. रूळ शक्यतो प्रेक्षकाकडे टोक करून येऊ देऊ नका. पुण्याला कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात लहानपणी गेला असाल तर आठवून पाहा, तिथे कुणी पट्टी घेऊन गेज मोजत नव्हते. आपल्याकडे साडेपाच फुटी ब्रॉडगेजचे एचओ (१:८७) मॉडेल करणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो. खरे तर त्यांना १९ मिलिमीटरच्या वर हवे असते आणि तेही १६.५वरच गाड्या चालवतात.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही गेजबद्दल विचारलेत, सालाबद्दल विचारले नाहीत. आयरिश मॉडेल फसते ते बहुतेक वेळा सालामुळे.

तुमचीच दोन इंजिने बघा. १४१ क्लासची ३७ इंजिने अमेरिकेतल्या जनरल मोटर्सकडून १९६२ साली आली आणि काळ्या-तपकिरी रंगातच आली. (त्याच सुमारास त्याच कंपनीची डब्ल्यूडीएम-४ इंजिने भारतातही उतरत होती.) १९७२पासून सीआयईने, म्हणजे आयर्लंडच्या सरकारी वाहतूक कंपनीने, भगवट नारिंगी रंग आणला आणि इंजिने हळूहळू तो ल्यायला लागली. तुमचे २०१ मात्र १९९४-९५चे, कॅनडातल्या लंडन, ओंटारिओ इथे बनलेले. त्यातले पहिले तर आंतोनोव विमानाच्या पोटात बसून आयर्लंडला आले. म्हणजे ही दोन्ही इंजिने तुमच्याकडे आहेत त्या रंगांत एकमेकांना कधी भेटलीच नाहीत. मधे वीस वर्षांहून जास्त अंतर आहे. दोन्ही एकाच फलाटाशी उभी केली तर रूळ २१ मिलिमीटरचा असला तरी माहितगाराला ते खटकणारच.

माझा सल्ला असा की २०१ काचेच्या कपाटात ठेवा. ते प्रमाणात २७ सेंटीमीटरच्या वर जाते, त्याला शोभतील असे चार मार्क ३ डबे जोडले तर तुमची निम्मी भिंत एकाच गाडीने भरेल. १४१ ही साडेसतरा सेंटीमीटरची. शिवाय तिला दोन्ही टोकांना केबिन आहे. तिच्या आधीच्या १९६१च्या १२१ क्लासला एकच केबिन होती, म्हणून ती वळवायला टर्नटेबल लागे. १४१ला नुसते गाडीच्या दुसऱ्या टोकाला नेले की झाले. छोट्या जागेसाठी हिच्याइतके सोयीचे इंजिन शोधून सापडणार नाही. आणि आयर्लंडमध्ये हे इंजिन खरोखरच सगळे काही ओढत असे: सकाळी दोन डब्यांची पॅसेंजर, दुपारी सिमेंट, रात्री गुरांची गाडी.

साल मी १९६८ सुचवेन, महिना ऑक्टोबरचा शेवट. कारण बीट.

साखर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऊस येतो. आयर्लंडची साखर जमिनीखालच्या पांढऱ्या बीटपासून होत असे. पहिला कारखाना १९२६ साली कार्लोला निघाला. मग १९३३मध्ये सरकारी साखर कंपनी स्थापन झाली आणि मॅलो, थर्ल्स, ट्यूम इथे कारखाने उभे राहिले. शरद ऋतू लागला की शेतकरी ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली लावून बीट स्टेशनवर आणत, तिथून ते वाघिणींत भरून कारखान्याला जाई. आपल्या गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग लागते, अगदी तेच दृश्य, फक्त थंडीत आणि चिखलात. वर्षभर पेंगणाऱ्या वेक्सफर्डमधल्या छोट्या स्टेशनांत त्या काही आठवड्यांत दिवसरात्र शंटिंग चाले. २००६ साली मॅलोचा कारखाना बंद झाला आणि हे सगळे संपले. मी कोल्हापूरकडचा आहे, मळीच्या वासात वाढलेला. या बीटच्या गाड्यांनीच मला आयरिश रेल्वेकडे ओढले.

छोट्या लेआउटला अशीच वाहतूक हवी. वाघिणी भरलेल्या जातात, रिकाम्या येतात, म्हणजे गाडीला येण्याजाण्याचे कारण आहे. नुसती गोल फिरणारी गाडी पंधरा मिनिटांत कंटाळा आणते.

इथेही सालाचा फास आहेच. बीटच्या वाघिणी म्हणून बहुतेकांना आठवतात त्या दुमजली, जुन्या दोन उघड्या वाघिणींचे सांगाडे एकावर एक जोडून केलेल्या. त्या तुमच्या इंजिनाच्या काळ्या-तपकिरी रंगाच्या कितीतरी नंतरच्या. १९६८ला लागतील त्या साध्या, एकमजली, नालीदार पत्र्याच्या बाजू असलेल्या चार चाकी उघड्या वाघिणी. शेवटी गार्डाचा डबा. तोही हवाच, कारण तेव्हाच्या मालगाड्यांना सलग ब्रेक नसे, नुसत्या साखळीने जोडलेल्या असत. जोडीला काही एच व्हॅन, म्हणजे बंद मालडबे. हे सगळे आज तयार मिळते किंवा किटमध्ये मिळते. १४१ मर्फी मॉडेल्सची असणार, वाघिणींसाठी आयरिश रेल्वे मॉडेल्सच्या जुन्या-नव्या याद्या बघा. पंधरा वर्षांपूर्वी मला यातली प्रत्येक वस्तू पितळी पत्र्यातून किंवा रेझिनमधून घडवावी लागे.

रंगाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथे नव्वद टक्के लोक चुकतात. ब्रिटिश वाघिणींचा खालचा सांगाडा काळा असतो, म्हणून हात आपोआप काळ्या रंगाकडे जातो. सीआयईच्या वाघिणी वरपासून खालपर्यंत एकाच राखाडी रंगात असत, चेसिससकट. त्यावर गंज, चिखल आणि ब्रेकची धूळ बसून जो काय काळपटपणा येईल तेवढाच. सीआयईच्या जुन्या पंखवाल्या चिन्हाला लोक 'उडती गोगलगाय' म्हणत. साठच्या दशकात त्या जागी गोलाकार चिन्ह आले, त्याला 'तुटके चाक' म्हणतात. १९६८ला दोन्ही एकाच गाडीत दिसायला हरकत नाही. दोन-तीन वाघिणींवर गोगलगाय पुसट ठेवा, एकावर चाक ताजे पांढरे. एवढ्यानेच साल ठळक होते.

पॅसेंजरला एक-दोन पार्क रॉयल डबे पुरेत, आणि त्यांच्याबरोबर चार चाकी हीटिंग व्हॅन. सीआयईच्या डिझेल इंजिनांत डबे गरम करायला वाफेचा बॉयलर नव्हता. म्हणून बॉयलर ठेवलेली वेगळी व्हॅन गाडीला जोडत. मोठ्या इंजिनामागे ही बुटकी पत्र्याची व्हॅन आणि मग डबे, ही आयरिश गाडीची ओळखच होती. वाफेची इंजिने मात्र ठेवू नका. सीआयईची वाफ १९६३ला थांबली.

आता मोजणी. आठ फूट म्हणजे २४० सेंटीमीटर. चार चाकी वाघीण बफरसकट साडेआठ सेंटीमीटर धरा. सहा वाघिणी ५१, गार्डाचा डबा ९, एकूण ६०. इंजिन धरून ७८. म्हणून उजव्या टोकाचे ८० सेंटीमीटर लपवलेल्या यार्डाला द्या. तिथे तीन-चार समांतर रूळ असलेली एक सरकती फळी पुरे, सांध्यांचा खर्च वाचतो. उरलेले १६० सेंटीमीटर दिसणारे. त्यात इंजिनाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायला लूप हवा: दोन सांध्यांचे प्रत्येकी २२, मधे गाडीचे ६०, टोकाला इंजिन उभे राहायला २०. झाले १२४. बाकी ३६ सेंटीमीटरमध्ये साईडिंगचा सांधा आणि यार्डाला झाकणारा दगडी कमानीचा रस्त्याचा पूल. साईडिंग फलाटाच्या विरुद्ध बाजूला, बीट भरायच्या उंच धक्क्याशी. एवढेच, चौथा सांधा घालायचा मोह टाळा. १९६८मधल्या छोट्या आयरिश स्टेशनात जे सर्वात जास्त होते ते म्हणजे रिकामी जागा: गवत, राख, एखादी सायकल, लांबवर कुंपण. ती रिकामी जागा मॉडेलमध्ये ठेवायला धीर लागतो.

लाकूडकामाबद्दल कळकळीने सांगतो. माझा पहिला लेआउट चिपबोर्डवर होता. थंडीत खोली बंद राहिली, भिंतीला ओल आली आणि मार्चमध्ये बोर्ड मधोमध एक सेंटीमीटर खाली बसला होता. गाड्या आपोआप घरंगळत मधे येत. सगळे उखडावे लागले. आयर्लंडची हवा बारा महिने कोकणातल्या श्रावणासारखी धरा. ९ मिलिमीटरचा चांगला बर्च प्लायवूड, खाली प्लायचीच चौकट, १२० सेंटीमीटरचे दोन भाग. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि खालच्या बाजूलाही वॉर्निशचे दोन हात. भाड्याचे घर आहे, उद्या हलवावे लागेल, म्हणून दोन भाग पितळी डॉवेलने जुळवा आणि बोल्टने आवळा. दोन भाग जुळतात तिथे रुळांची टोके पितळी स्क्रूवर सोल्डर करा, नाहीतर नेताआणताना तिथलेच टोक वाकते.

वायरिंगला घाबरू नका. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची वायर द्या, फिशप्लेटमधून वीज जाईल या भरवशावर राहू नका. तीही ओलीने गंजते. १४१च्या सगळ्या चाकांतून वीज घेतली जाते, त्यामुळे ती सांध्यावर सहसा अडखळत नाही. डीसीसी (प्रत्येक इंजिनाला रुळातूनच वेगळी आज्ञा देणारी डिजिटल पद्धत) की साधे डीसी? एक इंजिन, एक चालवणारा: साधे डीसी चालेल. फक्त जनरल मोटर्सच्या इंजिनाचा तो आवाज हवा असेल तर डीसीसी घ्या. मी घेतले ते आवाजासाठीच.

वाघिणींना वजन द्या, एका आसाला २५ ग्रॅम, म्हणजे एकीला ५०. रिकाम्या उघड्या वाघिणीत वजन लपवायला जागा नसते. मी चेसिसच्या पोटात शिशाची पातळ पट्टी चिकटवतो. (शिसे हाताळून झाल्यावर हात धुवा, घरात लहान मूल असेल तर ते वापरूच नका.) जोडणीसाठी वाघिणींना तीन कड्यांची खरी साखळी सर्वात देखणी, पण आठ फुटांत वारंवार शंटिंग करायचे तर डोळे शिणतात. मी गाडीच्या दोन टोकांना केडी (चुंबकाने सुटणारी जोडणी) आणि मधे साखळ्या ठेवतो.

बीटचा भार कसा करायचा, हे मला नेहमी विचारतात. बीट साधारण १२ सेंटीमीटरचे धरले तर प्रमाणात दीड मिलिमीटर. स्वयंपाकघरात बघा: मोहरी. पूर्ण गोल दाणे नकोत, खलबत्त्यात ओबडधोबड भरडा. कार्डाच्या तुकड्यावर पातळ फेव्हिकॉलने ढीग चिकटवा, वाळला की मळकट पिवळसर राखाडी रंग, मग चिखलाच्या रंगाचा पातळ हात, वरून मॅट वॉर्निश. वॉर्निश चुकवू नका, नाहीतर किडे लागतील. कार्डाखाली लोखंडी वॉशर चिकटवा, म्हणजे लोहचुंबकाने भार उचलून वाघीण क्षणात रिकामी करता येते.

खडीबद्दल: मुख्य मार्गाला फिकट राखाडी, चुनखडीच्या दगडासारखी. साईडिंगला खडी नकोच, तिथे काळी राख आणि त्यातून उगवलेले गवत, स्लीपर जवळजवळ बुडालेले. खडी बसवायला पाणी आणि पांढरा गोंद सम प्रमाणात, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. गवताचे तंतू २, ४ आणि ६ मिलिमीटरचे मिसळून लावा, एकाच लांबीचे लावले तर गालिचा दिसतो. ऑक्टोबर आहे, तेव्हा हिरव्यात पिवळट रंग उतरू द्या. बांधावर काटेरी गॉर्सची झुडपे, त्यांना तुरळक पिवळी फुले, ती थंडीतही असतात. स्टेशनची पाटी आयरिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. दिवे ४००० केल्विनच्या आसपासचे, ढगाळ दिवसाचा उजेड येईल असे. कडक पिवळ्या उजेडात आयर्लंड आयर्लंड वाटत नाही.

नॅरोगेजबद्दलही ओझरते विचारले आहे. डोनेगल, ट्रॅली-डिंगल, वेस्ट क्लेअर हे तीन फुटी मार्ग ४ मिलिमीटरच्या प्रमाणात नेमके १२ मिलिमीटर होतात आणि टीटी या छोट्या मापाचे तयार रूळ बरोबर बसतात. म्हणजे तिथे गेजची फसवणूक नाहीच. पण गाड्या बहुतेक सगळ्या किट जोडून कराव्या लागतात. तो दुसरा लेआउट असू द्या.

काही करण्याआधी दोन फेऱ्या मारा. मालाहाइडच्या कसिनो म्युझियममध्ये सिरिल फ्राय यांनी केलेली मॉडेल्स आहेत. ते डब्लिनच्या इंचिकोर रेल्वे कारखान्यात नोकरीला होते, त्यामुळे त्यांच्या गाड्यांची मापे अस्सल नकाशांवरून आलेली. दुसरी फेरी डाउनपॅट्रिकच्या जतन केलेल्या रेल्वेची. तिथे खऱ्या पाच फूट तीन इंचांच्या रुळांवर जुनी डिझेल इंजिने आणि डबे उभे आहेत. टेप घेऊन जा, विचारून मापे घ्या, आणि फोटो चेसिसचे काढा. वरच्या भागाचे फोटो सगळेच काढतात. रंगवायला बसलो की ब्रेकचा दांडा कुठून कुठे जातो तेच आठवत नाही.

आणि या शनिवारी प्लायवूड आणायला जाऊ नका. जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून आठ फूट बाय दीड फुटाची पट्टी करा, जमिनीवर पसरा, पिकोच्या संकेतस्थळावरून सांध्यांचे छापील आराखडे पूर्ण मापात काढून त्यावर ठेवा, आणि साडेआठ सेंटीमीटरचे सहा पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन हाताने शंटिंग करून बघा. गाडी लूपमध्ये मावते का, इंजिन सुटून मागे येते का, भरलेल्या वाघिणी काढून रिकाम्या आत घालायला किती चाली लागतात. माझ्या हिशेबाने सहा वाघिणींना अकरा-बारा चाली यायला हव्यात. तुमच्या जास्त आल्या तर साईडिंगचा सांधा पुलाकडून फलाटाकडे सरकवून बघा आणि मला कागदाचा फोटो पाठवा.